चंदीचा जमाखर्च

जखमी झालेल्या, उपासमारीने खंगलेल्या अथवा कामाला निरुपयोगी ठरल्यामुळे मालकांनी वाऱ्यावर सोडून दिलेल्या घोड्यांना आश्रय देणारी एक संस्था पुणे-सोलापूर रस्त्याच्या आतल्या अंगाला, एका माळावर, बरीच वर्षे चालू आहे. आणि बँकेतील नोकरीतून निवृत्त झाल्यावर, जमाखर्चाची जी सवय हाताला जडली होती तिचा कोणाला तरी उपयोग व्हावा या इच्छेने मी तिची खजिनदार झाले. घोड्यांना जीव लावणारी माणसे संस्थेत पुष्कळ होती. पैसा कोठून येतो, केव्हा येतो, कशासाठी येतो आणि कशासाठी येत नाही, याचा विचार करणारे कोणी तरी हवे होते, आणि तो विचार माझ्या वाट्याला आला. त्यातून जे हाती लागले ते अशाच कामात गुंतलेल्या इतर मंडळींना, तसेच या कामाला मदत करावी असे ज्यांच्या मनात येते पण नेमके काय करावे हे उमगत नाही अशा सज्जनांना उपयोगी पडेल, म्हणून येथे मांडत आहे.

आरंभ घोड्याच्या पोटापासूनच करावा लागतो. आपल्याकडचा मध्यम बांध्याचा देशी घोडा सुमारे ३०० ते ३५० किलो वजनाचा असतो आणि त्याला दररोज वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ६ ते ७ किलो सुका चारा लागतो. २५ ते ४० लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात त्याहूनही अधिक. आणि आजारातून उठलेल्या किंवा अति कष्टाने झिजलेल्या जनावराला याशिवाय भिजवलेल्या हरभऱ्याची नाही तर भरड्याची चंदी द्यावी लागते. दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाने येऊन खूर तासावे लागतात. वर्षातून एकदा तरी दात तपासावे लागतात, कारण घोड्याचे दात आयुष्यभर हिरडीतून वर येत राहतात आणि झिजताना त्यांच्या कडांना धार चढली म्हणजे गालफड आतून सोलवटून निघते व पुढ्यात चारा असूनही तो चावता येत नाही. धनुर्वाताची लस आणि जंतांचे औषध तर ठरलेलेच. अशा रीतीने नीट सांभाळलेला घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो. आमच्याकडे येणारे घोडे बहुधा बारा-पंधरा वर्षांचे असतात. म्हणजे ज्या दिवशी तो फाटकातून आत येतो त्या दिवशी संस्था पुढच्या दहा-पंधरा वर्षांचा करारनामा लिहून देत असते, आणि त्या करारनाम्यावर दुसऱ्या बाजूने सही करणारा त्या घटकेला कोणीही नसतो.

लोकांचे औदार्य मात्र त्याच एका दिवसाभोवती गोळा होते, असे मला वर्षानुवर्षांच्या कीर्दीतून दिसून आले. बरगड्या मोजता येतील असा एखादा घोडा, पाठीवर खोगिराने पडलेली ओली जखम, डोळ्यांभोवती माश्या, असे छायाचित्र वर्तमानपत्रात आले की दुसऱ्या दिवसापासून मनीऑर्डरी, धनादेश आणि हल्ली तर क्षणार्धात खात्यावर जमा होणाऱ्या रकमा यांचा ओघ सुरू होतो. देणाऱ्यांच्या कळवळ्याविषयी मला तिळमात्र शंका नाही. ज्या गृहिणीने घरखर्चातून वाचवलेले दोनशे रुपये पाठवले आणि सोबत ‘त्याच्या जखमेवर हळद लावता का?’ असे विचारले, तिच्या पत्राने मला त्या दिवशी काम करण्याचे बळ दिले. परंतु जखम दोन महिन्यांत भरते, कातडीवर केस येतात, घोडा अंगाने भरतो, आणि ज्या क्षणी तो निरोगी दिसू लागतो त्याच क्षणी तो दात्यांच्या स्मरणातून उतरतो. खर्च मात्र तेव्हा कोठे सुरू झालेला असतो. म्हणून घोड्याच्या आश्रयस्थानासाठी निधी मागायचा तो सुटकेच्या दिवसाच्या नावाने न मागता त्यानंतरच्या साध्या, काही विशेष न घडणाऱ्या दिवसांच्या नावाने मागितला पाहिजे, या मतापर्यंत मी हळूहळू येऊन पोहोचले, आणि पुढील सारा खटाटोप या एका मताभोवती झाला.

या बाबतीत एका परदेशी बाईच्या चरित्राने मला फार धीर दिला. डोरोथी ब्रुक ही एका ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याची पत्नी १९३० साली कैरोला गेली, तेव्हा पहिल्या महायुद्धात लढलेले आणि युद्ध संपल्यावर तेथेच विकून टाकलेले सैन्यातील घोडे, आता म्हातारे, आंधळे, लंगडे होऊन ओझी ओढताना तिला दिसले. तिने १९३१ मध्ये लंडनच्या ‘मॉर्निंग पोस्ट’ या वृत्तपत्रात एक पत्र लिहिले. वाचकांनी पैशांचा पाऊस पाडला, आणि पुढील तीनेक वर्षांत तिने सुमारे पाच हजार घोडे विकत घेतले. त्यांतील बहुसंख्य इतके जर्जर झालेले होते की पोटभर चारा, अंगाखाली मऊ अंथरूण आणि त्यानंतर वेदनेवाचून मरण, याहून अधिक काही त्यांना देता येण्यासारखे नव्हते. हे मरणही तिने दात्यांच्या पैशातून दिले. पण त्या बाईचे खरे मोठेपण मला पुढच्या पावलात दिसते: सैन्यातले घोडे संपत आले तेव्हा पत्राने उभा राहिलेला निधी आणि नाव तिने मिटून ठेवले नाही, १९३४ साली कैरोच्या गरीब गाडीवानांच्या जनावरांवर फुकट उपचार करणारे इस्पितळ तिने काढले. तिच्या नावाची संस्था आज भारतातही काबाडकष्ट करणाऱ्या घोड्यांमध्ये, खेचरांमध्ये आणि गाढवांमध्ये काम करते. एका पत्राने उसळलेल्या कळवळ्याला तिने कायमच्या व्यवस्थेत बसवले, आणि हे साधणे किती कठीण असते हे ज्याने अशी वही सांभाळली आहे त्यालाच कळेल.

आमच्याकडे ही व्यवस्था बसली ती गवतामुळे. पाऊस संपून आश्विन-कार्तिकात डोंगरउतारावरचे गवत कापले जाते तेव्हा पेंढीचा भाव सर्वांत कमी असतो. माघ-फाल्गुनापासून तो चढू लागतो आणि वैशाखात, जेव्हा गावोगावच्या दावणी रिकाम्या होतात, तेव्हा पैसे मोजूनही चांगले गवत मिळण्याची मारामार होते. उलट देणग्यांचा ओघ पाहिला तर तो मार्च महिन्यात सर्वांत मोठा, कारण आर्थिक वर्ष संपत असते आणि करातील सवलतीसाठी लोक पावत्या शोधत असतात. म्हणजे गवत स्वस्त असते तेव्हा तिजोरी रिकामी आणि तिजोरी भरते तेव्हा गवत महाग, अशी विचित्र उफराटी गती कित्येक वर्षे चालली होती. हे लक्षात आल्यावर आम्ही वर्षाचे मुख्य आवाहन दसऱ्याला करायचे ठरवले. दसरा हा घोड्याचा सण आहे हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या घोडे नाहीत तेही झेंडूचे तोरण बांधलेला घोडा पाहून थांबतात, त्याच्या कपाळाला हळदकुंकू लावतात, आणि तशा मनःस्थितीत गवताची एक गंजी आपल्या नावाने रचा म्हटले तर त्यांना ती मागणी रास्त वाटते. आवाहनात आम्ही घोड्याचे दीनवाणे चित्र छापत नाही. एका घोड्याला वर्षभर किती पेंढ्या लागतात, आज पेंढीचा भाव काय, वैशाखात तो काय होतो, एवढेच छापतो. शेतकरी कुटुंबातून शहरात आलेल्या वाचकाला हा हिशेब एका दृष्टिक्षेपात पटतो, आणि सोलापुराकडचे दोघे शेतकरी तर पैशाऐवजी दरवर्षी ट्रॅक्टरभर गवतच धाडतात.

वस्तुरूपाने येणाऱ्या मदतीबद्दल मात्र थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण तीत प्रेम अधिक आणि धोकाही अधिक. घोड्याला ओकारी येत नाही. त्याच्या जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट असतो की एकदा पोटात गेलेले अन्न उलट मार्गाने बाहेर पडू शकत नाही. म्हणून शिळ्या पोळ्या, लग्नघरचा उरलेला भात, पाव, बुरशी धरलेला चारा यांपैकी काहीही अधिक प्रमाणात पोटात गेले तर त्याला पोटशूळ उठतो, तो पोटाकडे वळूनवळून पाहतो, पुढच्या पायाने जमीन उकरतो, घामाने भिजतो आणि लोळण घेऊ लागतो. त्या अवस्थेत रात्रीबेरात्री डॉक्टरांना बोलावून नाकातून नळी घालण्याची पाळी येते, आणि कधी कधी तेवढ्यानेही भागत नाही. एक वयोवृद्ध गृहस्थ दर शनिवारी स्कूटरवरून डबाभर पोळ्या घेऊन येत. तूप लावलेल्या, व्यवस्थित घडी घातलेल्या त्या पोळ्या त्यांनी स्वतः लाटलेल्या असत, कारण पत्नी गेल्यापासून घरात दुसरे कोणी नव्हते. ‘आजोबा, या पोळ्या घोड्याला चालत नाहीत’ असे सांगण्याचे काम कोणी अंगावर घेईना. शेवटी आमच्या मोतद्दाराने त्यांच्या हातात खरारा दिला आणि मान खाली घालून उभ्या असलेल्या एका तांबड्या घोडीपुढे त्यांना नेले. मानेपासून पाठीकडे, केसांच्या दिशेने, दाब केवढा द्यावा हे हात धरून शिकवले, आणि अर्ध्या तासाने ती घोडी खालचा ओठ सैल सोडून डोळे मिटून उभी राहिली तेव्हा आजोबांना जे हवे होते ते मिळाले असावे. पोळ्यांच्या पिठाचे आणि तुपाचे पैसे ते आता महिन्याच्या महिन्याला चारा-खात्यात भरतात आणि शनिवारी खरारा करायला येतात. मदत नाकारण्याऐवजी तिला योग्य वाट काढून द्यावी, हे मला त्या मोतद्दाराने शिकवले. त्या वेळी मी दारावर लावायच्या पाटीचा मजकूर लिहीत बसले होते.

आता कागदपत्रांकडे वळते. हा भाग रुक्ष वाटेल, पण ज्याला संस्था टिकवायची आहे त्याने तो टाळू नये. आपल्या राज्यात असा न्यास १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदवला जातो आणि धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत दरवर्षी लेखापरीक्षित हिशेब दाखल करावा लागतो. आयकरातील ‘८० जी’ची मान्यता असेल तर दात्याला सवलत मिळते, मात्र २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती मिळत नाही, हे दात्याला आधी सांगितले म्हणजे मार्चमध्ये होणारी कुरबुर टळते. २०१३ च्या कंपनी कायद्यान्वये विशिष्ट मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात आणि त्या कार्यांच्या यादीत प्राणिकल्याणाचा उल्लेख आहे. ही वाट मोठी आहे, पण तीवरून येणारा पैसा शेड, पाण्याची टाकी, कुंपण अशा डोळ्यांना दिसणाऱ्या कामांकडे ओढ घेतो, कारण कंपनीलाही आपल्या भागधारकांपुढे काही दाखवायचे असते. आम्ही त्यांना नम्रपणे एवढेच सुचवतो की शेड बांधून द्यालच तर त्या शेडखाली उभे राहणाऱ्या घोड्यांचा तीन वर्षांचा चाराही त्याच मंजुरीत धरावा. काहींनी हे मानले. परदेशातल्या मराठी मंडळींचे प्रेमही मोठे आहे, विशेषतः अमेरिकेतून वारंवार विचारणा होते. परंतु परदेशी देणगीसाठी केंद्र सरकारची २०१० च्या कायद्याखालची नोंदणी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा प्रथम दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच यावा लागतो, म्हणून ज्या लहान संस्थेकडे ही नोंदणी नाही तिने असा पैसा आडवळणाने घेऊ नये. भारतीय नागरिकत्व राखून असलेल्या आप्ताने आपल्या येथील खात्यातून दिलेली रक्कम चालते; बहुतेकांना एवढे सांगितले की मार्ग सापडतो.

सर्वांत अवघड प्रश्न मुद्देमालाचा. पोलिसांनी प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याच्या गुन्ह्यात एखादा घोडा जप्त केला, पंचनामा झाला, की तो कायद्याच्या दृष्टीने मुद्देमाल होतो आणि सुपुर्दनाम्यावर आमच्या ताब्यात दिला जातो. आमच्या ताब्यात येतो, मालकीचा होत नाही. खटला कधी उभा राहील, तारखा किती पडतील हे कोणालाही सांगता येत नाही, आणि तोवर त्याला कोणाकडे दत्तक देता येत नाही, दुसरीकडे हलवता येत नाही, त्याच्यावर मोठी शस्त्रक्रिया करायची तरी परवानगीचा अर्ज हाती ठेवावा लागतो. १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्यासाठी ठेवलेला दंड दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत आहे. एका घोड्याचा एका दिवसाचा चाराही त्यात येत नाही. २०१७ च्या नियमांनी यात पुष्कळ सुधारणा केली: खटला चालू असेपर्यंतचा सांभाळखर्च आरोपी मालकाकडून हमीपत्र लिहून घेऊन वसूल करावा आणि त्याने हमी न दिल्यास जनावरावरील त्याचा हक्क संपावा, अशी तरतूद त्यांत आहे. परंतु तरतूद असणे आणि तिचा आधार घेऊन वेळेत अर्ज करणे यांत जे अंतर असते ते वकिलानेच भरून काढावे लागते. म्हणून मला विचाराल तर घोड्यांच्या संस्थेला सर्वांत मौल्यवान देणगी एखाद्या तालुक्याच्या वकिलाच्या वेळेची आहे. आमच्या न्यायालयात विनामोबदला उभे राहणाऱ्या एका तरुण वकीलबाईंनी खर्चाच्या वसुलीचे अर्ज नियमांवर बोट ठेवून दाखल करायला सुरुवात केली, तेव्हा ज्या खात्यात माझ्या कारकिर्दीत कधी जमा पडली नव्हती त्यात जमा दिसू लागली. अशा देणगीची पावती कशी फाडावी हे मला अजून कळलेले नाही; मी त्यांचे नाव वार्षिक अहवालात देणगीदारांच्या यादीत पहिले घालते.

एकेका घोड्याला एकेक पालक मिळवून द्यावा, ही पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे आणि ती चांगलीही आहे, कारण माणसाचा जिव्हाळा एका नावाला, एका चेहऱ्याला चटकन चिकटतो. पण तिच्या अनुभवातून एक गोष्ट ध्यानात आली. पांढऱ्याशुभ्र, वरातीतून आलेल्या घोड्याला दहा पालक मिळतात. काळपट, कानाची चाळण झालेल्या खेचराला आणि वीटभट्टीवरून आलेल्या गाढवाला एकही मिळत नाही, खायला मात्र सर्वांना लागते. त्यामुळे पालकत्वाची रक्कम आम्ही साधारण चारा-खात्यात घेतो, आणि पालकाला त्याच्या घोड्याचे पत्र दर तिमाहीस पाठवताना त्या पत्रात शेजारच्या ठाणातल्या जनावराचीही हकीकत घालतो. काही पालकांनी पुढे होऊन खेचराचाही भार उचलला. पत्रे आम्ही छापील मायना घालून लिहीत नाही. घोडीचे खूर या तिमाहीत किती वाढले, जुन्या फाटलेल्या खुराची रेघ आता कोठवर खाली आली, असे लिहितो. खूर महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून बिघडलेला खूर मुळापासून नवा यायला सुमारे वर्ष लागते, आणि ते वर्ष दात्याने आमच्याबरोबर मोजावे अशी आमची इच्छा असते.

हे खुराचे काम मी जवळून पाहिले आहे. आमचे नालबंद चाचा घोड्याच्या पाठीशी पाठ लावून उभे राहतात, मागचा पाय दोन गुडघ्यांत धरतात, आधी सुरीच्या टोकाने तळव्याच्या खाचेतले शेण आणि खडे काढतात, मग नाक खाली नेऊन वास घेतात. कुजका वास आला तर ते एक शब्द न बोलता डॉक्टरांकडे पाहतात. त्यानंतर चिमट्याने वाढीव कड कापणे, कानशीने ती सारखी करणे, आणि घोड्याला चार पावले चालवून टाप कशी पडते ते ऐकणे, एवढ्यात अर्धा तास जातो. हे कसब बापाकडून मुलाकडे येत आले. त्यांचा मुलगा मात्र मोटारसायकली दुरुस्त करतो, आणि त्यात त्याला दोष देता येत नाही. एका सेवाभावी मंडळाने गेल्या काही वर्षांत आम्हांला दिलेली सर्वांत शहाणी देणगी म्हणजे चाचांच्या हाताखाली शिकणाऱ्या दोन पोरांना दिलेली विद्यावृत्ती.

येथे मला त्या प्रश्नाकडे यावेसे वाटते ज्याची वाट डोरोथी ब्रुकने दाखवली: घोडा आमच्या फाटकाशी येण्याआधीच त्याला वाचवता येणार नाही का? जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील करमणुकीच्या घोडागाड्या, ज्यांना आपण व्हिक्टोरिया म्हणत आलो, बेकायदा ठरवून त्या बंद करण्यासाठी वर्षाची मुदत दिली आणि मालक-चालकांच्या पुनर्वसनाची योजना करण्यास शासनाला सांगितले. डांबरी रस्त्यावर, उन्हात, भोंग्यांच्या गदारोळात धावणाऱ्या घोड्यांच्या हालांविषयी ज्यांना काही माहिती आहे त्यांना या निर्णयाचे औचित्य पटेल. मलाही ते मनापासून पटते. पण ज्या कमाईवर मालकाची चूल पेटत होती त्याच कमाईवर घोड्याचा तोबरा भरत होता, ही गोष्टही तितकीच खरी आहे, आणि कमाई थांबल्यावर प्रथम रिकामा होतो तो तोबरा. म्हणून काम करणाऱ्या घोड्यांच्या मालकांसाठी गावोगाव मोफत शिबिरे घेणे, खूर तासून देणे, खोगिराखाली घालायची जाड गादी कशी शिवावी हे दाखवणे, जखमेवरचे मलम आणि धनुर्वाताची लस देणे, यांवर केलेला खर्च मला सर्वांत फलदायी वाटतो. एका आणलेल्या घोड्याच्या वर्षभराच्या पोषणाला जेवढे लागते तेवढ्यात अशा कित्येक घोड्यांची पाठ आणि पाय वाचतात. दुर्दैव एवढेच की ज्याला जखम झालीच नाही त्याचे छायाचित्र काढता येत नाही, आणि त्यामुळे या कामासाठी पैसा मागताना पुष्कळ बोलावे लागते.

शिबिरात एक टांगेवाले मामा आपली म्हातारी घोडी घेऊन आले होते. टांगा केव्हाच मोडीत गेला होता. घोडी वरातीलाही चालत नव्हती. बाजारात नेली असती तर तिचे चार पैसे आले असते, पण ती पुढे कोणाच्या हाती पडेल या भीतीने त्यांनी ती विकली नाही आणि स्वतः रात्रपाळीचे राखणदार होऊन तिला पोसले. ती आमच्याकडे ठेवून घ्या, असे सांगताना त्यांचा आवाज घोगरा झाला. आम्ही ठेवून घेतली. त्यानंतर दर महिन्याच्या पगारानंतर मामा येत आणि खिशातून घडी घातलेली नोट काढून ‘बाई, आमचीबी पावती फाडा’ असे म्हणत. त्यांची रक्कम लहान होती. परंतु निधीसाठी मी जेथे जेथे बोलायला जाते तेथे पहिले उदाहरण त्यांचेच देते, कारण नियमित दान म्हणजे काय हे त्यांच्याइतके स्पष्ट मला कोणी दाखवले नाही.

ती घोडी गेल्या हिवाळ्यात गेली. तिचे आतडे पिळवटले होते, शस्त्रक्रियेला शरीर टिकणार नाही असे डॉक्टरांचे मत पडले, आणि मामांना बोलावून, त्यांच्या संमतीने आणि त्यांच्या देखत, तिला इंजेक्शन देण्यात आले. अशा मृत्यूंची नोंद देणगीदारांच्या पत्रात करावी की नाही यावर आमच्या कार्यकारी मंडळात दीर्घ चर्चा झाली होती. काही सदस्यांना वाटे की त्यामुळे लोक दुखावतील आणि वर्गणी थांबवतील. मी आग्रह धरला की लिहावे, औषधाचा आणि पुरण्यासाठी आणलेल्या जेसीबीचा खर्चसुद्धा लिहावा, कारण ज्यांनी पैसे दिले त्यांना आपला पैसा कोठे गेला हे जाणण्याचा अधिकार आहे आणि वेदनेतून सोडवणे हेही आमच्या कामाचे अंगच आहे. नवीन आलेल्या प्रत्येक घोड्याला वेगळे ठेवून ग्लँडर्ससाठी त्याचे रक्त तपासले जाते. हा रोग माणसालाही होतो, घोड्यात त्यावर इलाज नाही, आणि तपासणीत तो निश्चित झाला तर २००९ च्या कायद्याप्रमाणे ते जनावर नष्ट करावे लागते. हेही आम्ही पत्रांतून समजावून देतो. असे लिहू लागल्यापासून वर्गणी कमी झालेली नाही. उलट एका वाचकाने वेदनाशामक औषधांसाठी म्हणून वेगळी रक्कम पाठवली आणि ती दरवर्षी येते.

यंदाच्या आवाहनाचे काम सध्या चालू आहे. करमाळ्याकडच्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांचे पत्र आले की मुलांना काही द्यायचे आहे, पैसे त्यांच्याकडे नाहीत, पण बांधावरचे गवत प्रत्येकाच्या घरी आहे. एकेका मुलाने एकेक पेंढी आणली तर चालेल काय? मी उत्तर लिहिले ते असे: जरूर चालेल; गवत फुलोऱ्यावर येताच कापावे, दोन-तीन दिवस उन्हात उलटूनपालटून पूर्ण वाळवावे, पेंढीच्या पोटात हात घालून पाहावा आणि आत दमट किंवा उबट लागले तर ती बांधू नये; बांधायला गवताचेच वेठण घ्यावे, प्लॅस्टिकची सुतळी नको, कारण ती चाऱ्याबरोबर पोटात जाते; गाजरगवत निवडून टाकावे; वाहतुकीचे भाडे संस्था देईल. त्यांनी गाडी केव्हा येणार ते विचारले आहे. कार्तिकी एकादशीनंतरचा सोमवार कळवला आहे, आणि तोवर गंजीच्या शेडवरचे गळके पत्रे बदलून घ्यायचे आहेत. त्यासाठीची रक्कम अजून थोडी कमी पडते.